काळीज कापलं, तरी उगवलं!

ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या मावशी सपासप माशाचे पर काढतात, तेव्हा ते पुन्हा उगवतील असं तुमच्या मनातही येत नाही. पण एका माशाचे पर खरंच उगवतात. झेब्राफिश! हा गोड्या पाण्यातला, त्यामुळे खाडीतल्या जाळ्यात सापडायचा नाही. चेंबूर-मानखुर्दला कुणाच्या घरी काचेच्या टाकीत मात्र दिसेल. निळे पट्टे, जेमतेम चार सेंटिमीटर लांबी, आणि मूळ गाव आपलंच गंगेचं खोरं.

शेपटीचा पर छाटला तर दोनेक आठवड्यांत परत येतो. ते एक वेळ ठीक, शेपूट तर पालीचीही उगवते. पण 2002 मध्ये अमेरिकेत केनेथ पॉस आणि सहकाऱ्यांनी या माशाच्या हृदयाच्या जवनिकेचा सुमारे 20 टक्के भाग कापला, आणि दोन महिन्यांत तो भरून आला! आपल्याकडे हार्ट अटॅकनंतर मेलेल्या स्नायूच्या जागी नुसता व्रण उरतो. आजोबांचं ‘पंपिंग कमी झालंय’ असं डॉक्टर सांगतात, ते बऱ्याचदा यामुळेच.

मग माशाकडे काही वेगळे जीन्स आहेत का? फारसे नाहीत. माणसाच्या साधारण 70 टक्के जीन्सचे भाऊबंद त्याच्यात सापडतात. खरा खेळ आहे कुठला जीन कधी चालू करायचा याचा, म्हणजेच एपिजेनेटिक्सचा. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो आणि त्या रिळांवर रासायनिक खुणा असतात. पर घडवणाऱ्या काही जीन्सवर ‘थांब’ आणि ‘तयार राहा’ अशा दोन्ही खुणा असतात, सिग्नलला लाल-हिरवा एकदम लागल्यासारखं. पर तुटला की एक एन्झाइम ‘थांब’ची खूण पुसतं. 2009 मध्ये संशोधकांनी माशाच्या पिल्लांत हे एन्झाइम बनूच दिलं नाही, तर पर धड उगवेचना.

आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांचं काय? एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाचं कापलेलं हृदय भरून येतं, सात दिवसांच्या पिल्लाचं नाही. म्हणजे कृती ठाऊक असते, मग आठवड्यात कुलूप लागतं! 2016 मध्ये पॉस यांच्याच गटाने झेब्राफिशच्या डीएनएमधला जखम झाल्यावर चालू होणारा एक ‘स्विच’ उंदरात घातला. उंदराच्या जखमी पंजात आणि हृदयातही तो चालू झाला.

आणि हे सगळं काही साता समुद्रापारच चालत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झेब्राफिशचं जखमी हृदय भरून यायला मदत करणाऱ्या एका प्रथिनावर काम झालंय. तेच प्रथिन म्हाताऱ्या माशांच्या मणक्यांमधल्या झिजलेल्या चकत्या पुन्हा घडवतं, हेही तिथेच दिसलं. ट्रॉम्बेहून ही प्रयोगशाळा गाडीने तीन-चार तासांवर, एक्स्प्रेस वेवर ट्रॅफिक नसेल तर!