पळसाचा केशरी, सागाचा तांबडा

फेब्रुवारी सरत आला की पांढरकवड्याहून टिपेश्वर अभयारण्याकडे जाताना पळस डोळ्यांत भरतो. फांद्यांवर पान नाही, नुसती फुलं. मोठ्यांसाठीच्या रंगभरण पुस्तकांचा नाद लागलेल्या माणसाने डब्यातली केशरी पेन्सिल त्या फुलाशेजारी धरून पाहावी. जुळत नाही! दुरून एकच वाटणारा केशरी रंग जवळ जाताच पिवळा, शेंदरी असा फुटतो. पोपटाच्या चोचीसारख्या वाकड्या पाकळीवर रेशमी लव असते, तिची रुपेरी झाक आणखी वेगळी. फुलाच्या बुडाची वाटी काळी भासते, पण ती असते मखमली, हिरवट तपकिरी.

या पुस्तकांचा इतिहास चार ओळींत सांगता येतो. १७६० च्या सुमारास लंडनमध्ये ‘द फ्लोरिस्ट’ नावाचं फुलांच्या रेखाचित्रांचं पुस्तक निघालं, हौशी मोठ्या माणसांनी रंगवण्यासाठी. पुढे हा प्रकार मुलांचाच मानला गेला. २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या जोहाना बॅसफर्डचं ‘सिक्रेट गार्डन’ आलं आणि २०१५ पर्यंत जगभर मोठी माणसं रंगपेट्या घेऊन बसली.

त्या पुस्तकांतल्या बागा सुंदरच आहेत. पण विदर्भातल्या माणसाला खरा अभ्यास दारातल्या झाडावर करता येतो, कारण मूळ रंग ताडून पाहायला समोर असतो. पळस रंगवताना आधी फिकट पिवळ्याचा अगदी हलका थर द्यावा, त्यावर केशरी, आणि शेंदरी फक्त पाकळीच्या बुडाशी. लव चमकते तिथे कागद कोराच सोडावा. वाटीला काळी पेन्सिल लावू नये. गडद तपकिरीवर गडद हिरवा चढवला की मखमल उतरते. भर फुलोऱ्यातला पळस हिरव्यागार पानांनी भरलेला काढला असेल, तर चित्रकाराने झाड पाहिलेलं नाही असं खुशाल समजावं. आणि पानं काढलीच, तर पळसाला पानं तीनच!

हे थरावर थर देणं साधतं ते कागदामुळे. पेटी कितीही महाग असो, कागद गुळगुळीत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या थरानंतर पेन्सिल घसरू लागते. किंचित खरखरीत पोत रंग धरून ठेवतो. पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिली किंवा जलरंग वापरायचे तर कागद जाड हवा. जलरंगासाठी ३०० ग्रॅम वजनाचा कागद उत्तम, आणि त्यातही निव्वळ कापसाचा. कापसाचा तंतू पाणी सोसतो आणि लाकडाच्या स्वस्त लगद्यासारखा पिवळा पडत नाही. जगातले नामांकित चित्रकार ज्या कागदासाठी भरपूर पैसे मोजतात, त्याचं मूळ यवतमाळच्या शेतकऱ्याच्या ओळखीचंच आहे. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था सुती चिंध्यांपासून कागद करत आली आहे.

पुस्तकाची पानं दोन्ही बाजूंनी छापलेली असतील तर मार्कर दूरच ठेवावेत. स्पिरिटवाली शाई हमखास पलीकडे उतरते.

पेन्सिली दोन जातींच्या: मेणाच्या आणि तेलाच्या. मेणाची मऊ चालते, पटकन भरते. मात्र गडद रंगांवर काही दिवसांनी पांढुरका थर येतो. आतलं मेण वर येतं आणि उष्णतेत ते लवकर येतं. यवतमाळचा मे महिना ठाऊक असलेल्याला जास्त सांगायला नको. मऊ कापडाने हलकेच पुसलं की तो थर जातो. तेलाच्या पेन्सिलीला हा त्रास जवळजवळ नाही, पण तिची किंमत चढी. शिकणाऱ्याने कॅमलच्या पेटीपासून सुरुवात करावी. ही पेटीही मराठी घरातली: दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुडीपासून हा उद्योग उभारला. २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने त्यात मोठा हिस्सा घेतला, तरी शाळेतल्या चित्रकलेच्या तासाशी जडलेलं उंटाचं नातं सुटलेलं नाही.

पेटी नसली तरी रान रंग देतं. पळसाची वाळकी फुलं पाण्यात उकळली की पिवळं-केशरी पाणी मिळतं. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ते गडद होतं. उन्हात हा रंग विटतो, म्हणून असं चित्र वहीतच ठेवावं. सागाचं कोवळं पान तळहातावर चुरडलं तर हात तांबडा होतो.

सागाचा खरा नवलाचा भाग मात्र पावसाळ्याच्या शेवटी दिसतो. एका पतंगाच्या अळ्या पानाचा हिरवा गर खातात आणि शिरा तेवढ्या सोडतात. मागे उरते तपकिरी जाळी, म्हणजे रंगवायला तयार रेखाटनच. दिवाळीच्या सुमारास सागाच्या बनात अशी पानं खाली पडलेली मिळतात. अभयारण्यातून काही उचलू नये. गावाजवळच्या, शेताच्या बांधावरच्या सागाखालचं पान घ्यावं. ते कागदाखाली ठेवून वरून तपकिरी पेन्सिल आडवी फिरवली की शिरा उमटतात. मग मधल्या मोकळ्या चौकटी हव्या त्या रंगाने भराव्यात. कोवळ्या पानाचा तांबडा एखाद्या कोपऱ्यात आलाच पाहिजे.