पुंगळी तीच, दाब दुसरा

घोडबंदर रस्त्यावरचे चेणे हे गाव एकीकडे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि दुसरीकडे वसईची खाडी यांच्या बेचक्यात वसलेले आहे. आज ते मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते आणि त्याच्या अंगावरून रात्रंदिवस अवजड वाहने धावत असतात. पण ठाणे जिल्ह्यातल्या आणि कोकणातल्या अशा डोंगरकडेच्या गावांना एके काळी ठासणीच्या बंदुकीची चांगली ओळख होती. डुकरांपासून भाताची राखण करणारा शेतकरी दारू स्वतः मोजून नळीत ओतीत असे, चिंधी ठाशीत असे, वर छर्रे सोडीत असे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्यांची तरतूद करताना पीकरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख केला, तो या वहिवाटीची दखल घेऊनच. त्या बंदुकीत धोका होताच. परंतु तो धोका कोणी निर्माण केला आणि कोणाला भोगावा लागला, यासंबंधी कधी संभ्रम नव्हता. मोजणारा हात आणि चाप ओढणारा हात एकाच माणसाचा असे.

पितळी काडतूस आले आणि हे दोन हात वेगळे झाले. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. तेथे पितळेच्या पुंगळीत दारू, बुडाशी स्फोटक टोपी आणि तोंडाशी गोळी बसवून जे काडतूस बाहेर पडते, ते कोणाच्या हाती जाईल हे तेथील कामगाराला ठाऊक नसते. आणि ते कोणी भरले हे वापरणाराला कधीच कळत नाही. या दोन अनोळखी माणसांमधला सारा व्यवहार पुंगळीच्या बुडावर उमटवलेल्या मोहरेवर चालतो. खडकीच्या ‘के एफ’ या दोन अक्षरांनी किती तरी पिढ्या हे काम केले. घरातल्या गॅसच्या सिलिंडरवर पुढील चाचणीची तिमाही रंगवलेली असते आणि ती पाहून गृहिणी निर्धास्तपणे शेगडी पेटवते. त्यातलाच हा प्रकार. आत काय आहे ते उघडून पाहता येत नाही, म्हणून बाहेरच्या खुणेवर विसंबावे लागते. अर्थशास्त्रात ज्याला माहितीची विषमता म्हणतात, तिच्यावर माणसाने शोधलेला हा एक स्वस्त आणि नामी तोडगा आहे.

पुंगळीची एकच गोष्ट पुष्कळदा गैरसमजाने पाहिली जाते. दारू पेटल्यावर निर्माण होणारा दाब पुंगळी सोसते, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः पुंगळीचे मुख्य काम दाब सोसण्याचे नसून गळती थांबवण्याचे आहे. तांबे आणि जस्त यांच्या या मिश्रधातूच्या पातळ भिंती दाबाने क्षणभर फुगून सभोवारच्या पोलादी कोठ्याला चिकटतात, तप्त वायूला मागे येऊ देत नाहीत, आणि दाब ओसरताच किंचित आकसून मोकळ्या होतात. सारा भार पडतो तो कोठ्यावर. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत फिरत्या चक्रीवर. त्या चक्रीत पाच-सहा कोठे एकमेकांना खेटून असल्याने दोन कोठ्यांमधली आणि बाहेरच्या अंगाची भिंत बरीच पातळ असते. तात्पर्य, पुंगळी किती सोसते हा प्रश्नच मुळात चुकीचा. हत्यार किती सोसते हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर पुंगळीकडे पाहून मिळत नाही.

हा धडा अमेरिकेने नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी घेतला. तेथे ‘पॉइंट ३८ स्पेशल’ हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पोलिसांच्या वापरात होते. दारूबंदीच्या काळातल्या गुन्हेगारांच्या मोटारींचे पत्रे त्याच्याने भेदले जाईनात, तेव्हा स्मिथ अँड वेसन या कंपनीने १९३० मध्ये मोठ्या, म्हणजे पॉइंट ४४ च्या सांगाड्यावर बांधलेले भक्कम रिव्हॉल्व्हर काढले, आणि त्याच्यासाठी अधिक दाबाची काडतुसे बाजारात आली. त्यांना ‘३८-४४’ असे नाव पडले. नाव वेगळे होते, पण पुंगळी मात्र लांबीने आणि व्यासाने जुन्या स्पेशलचीच. परिणामी हे जहाल काडतूस जुन्या, नाजूक, खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्येही बिनबोभाट बसे. खोक्यावर इशारा छापलेला असे; परंतु खोके फेकले जाते आणि काडतुसे खिशात सुटी फिरतात, ही साधी गोष्ट इशारा छापणाराने विचारात घेतली नव्हती. त्याच सुमारास एल्मर कीथ आणि फिलिप शार्प यांच्यासारखे हौशी नेमबाज घरच्या बाकावर साध्या पुंगळ्यांत याहूनही तीव्र भरणा करून पाहत होते.

१९३५ मध्ये ‘पॉइंट ३५७ मॅग्नम’ आले, तेव्हा या अनुभवातून काढलेला उपाय विलक्षण साधा होता. पुंगळी इंचाच्या सुमारे अष्टमांशाने लांब केली. जुने काडतूस नव्या हत्यारात चालावे, पण नवे काडतूस जुन्या कोठ्यात पूर्ण शिरूच नये. अमेरिकन उद्योगाच्या मानकांप्रमाणे आज स्पेशलचा कमाल दाब चौरस इंचाला १७ हजार पौंड, तर मॅग्नमचा ३५ हजार. दुपटीचे हे अंतर राखण्याचे काम पितळेच्या त्या चिमूटभर लांबीवर सोपवलेले आहे. छापील सूचना वाचावी लागते, समजावी लागते, आठवावी लागते. न बसणारे काडतूस मात्र निरक्षर माणसालाही अडवते आणि घाईत असलेल्या शहाण्यालाही.

भारतीय वाचकाला हे सारे दूरचे वाटेल, पण तसे नाही. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाच्या हाती जे रिव्हॉल्व्हर असते ते बहुधा पॉइंट ३२ चे. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेले, सव्वा लाखाच्या आसपास किमतीचे ‘निर्भीक’ हेही त्याच मापाचे. त्याचे काडतूस १८९६ सालचे आहे. याच घराण्यात पुढे १९८४ मध्ये आणि २००८ मध्ये अधिक जहाल काडतुसे निघाली. प्रत्येक वेळी पुंगळी थोडी लांबवण्यात आली. या घराण्यातल्या सर्वांत नव्या काडतुसाचा मान्य दाब जुन्याच्या तिप्पट आहे: १५ हजारांच्या जागी ४५ हजार. बूड तेच, रुंदी जवळपास तीच. आखूड पुंगळीत लांब पुंगळीचा भरणा करू पाहणारा माणस लांबीचे ते कुलूपच काढून टाकतो. शिवाय तेवढीच दारू कमी जागेत कोंडल्याने दाब मूळ काडतुसापेक्षाही वर जातो. आधुनिक धूरविरहित दारू तर इतकी थोडी लागते की एकाच पुंगळीत चुकून दोनदा ओतली तरी ती वरून सहज लक्षात येत नाही.

तरीही माणसे या वाटेला का जातात? साहसाची हौस हे उत्तर अपुरे आहे. गोळी निघून जाते, दारू जळते, टोपी निकामी होते. उरते ती पुंगळी, आणि काडतुसातला सर्वांत खर्चिक भाग तीच. मोडीच्या भावानेही पितळेला किंमत येते, मग पुन्हा भरून वापरता येणारी वस्तू कोण टाकून देईल? अमेरिकेत हा छंद कायदेशीर आहे, त्यासाठी लागणारी यंत्रे उघड विकली जातात, आणि प्रमाणांची पुस्तके दर काही वर्षांनी नव्याने निघतात. नियमित सराव करणाऱ्या नेमबाजाची त्यातून खरीखुरी बचत होते. मात्र तेथील जाणते लोकही दुसऱ्याने घरी भरलेले काडतूस आपल्या हत्यारात घालीत नाहीत. आणि यात सारे मर्म आले. बचत भरणाराच्या खिशात पडते. धोका मात्र पुंगळीबरोबर हातोहात फिरतो. बुडावरची मोहर कारखान्याची आणि आतला माल घरचा, अशी ही फारकत होते. खोट्या नाण्याचे अर्थशास्त्र याहून वेगळे नाही.

भारतीय कायद्याने ही वाट बंदच ठेवली आहे. शस्त्र कायद्यातल्या ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रेही येतात. रिव्हॉल्व्हर बाळगण्याचा परवाना हा काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे; त्यासाठी पाचव्या कलमाखाली वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शिक्षेच्या या तीव्रतेमागचा रोख अर्थात गावठी कट्टे बनवणाऱ्या टोळ्यांवर आहे. पण बाकावर बसून काटकसर करणारा हौशी माणूसही त्याच कलमात सापडतो. ही बंदी योग्यच म्हणावी लागेल. एवढे सांगून मात्र राज्यसंस्थेला हात झटकता येणार नाहीत.

कारण ज्या देशात काडतूस बनवण्याचा हक्क दीर्घकाळ जवळजवळ सरकारकडेच होता, तेथे पुरवठ्याची जबाबदारीही सरकारचीच ठरते. या उद्योगाचा मोठा हिस्सा महाराष्ट्राने उचलला आहे. खडकीच्या जोडीला १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना उभा राहिला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांतल्या दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे; आणि कानपूरला २०२४ मध्ये खाजगी क्षेत्राचाही मोठा कारखाना सुरू झाला. परंतु या साऱ्या कारखान्यांचे खरे गिऱ्हाईक सैन्य आणि पोलीस. पाच-पंचवीस काडतुसे घेणारा नागरिक त्यांच्या हिशेबात नगण्य, आणि नगण्य गिऱ्हाइकाला मक्तेदार कसा वागवतो हे टेलिफोनसाठी आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षे रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला समजावून सांगायला नको. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे आकडे लिहिलेले असतात. ते मर्यादेचे आकडे आहेत. पुरवठ्याची हमी नव्हे. सराव करावा तर काडतुसे खर्ची पडतात, म्हणून बहुतेक परवानाधारक सरावच करीत नाहीत. पोटाला चिमटा घेऊन विकत घेतलेले हत्यार कपाटात आणि ते चालवणारा अननुभवी, अशी ही विचित्र बचत आहे. बंदी टिकवायची असेल तर नोंदलेल्या नेमबाजी केंद्रांवर, तेथेच वापरून पुंगळ्या तेथेच परत करण्याच्या अटीवर, सरावाची काडतुसे वाजवी दरात मिळण्याची सोय व्हायला हवी. पितळ कारखान्याकडे परतेल, मोहर आणि माल यांची फारकत होणार नाही, आणि हिशेबही राहील.

चेण्यातल्या परवानाधारकाला शस्त्रपरवान्याच्या कामासाठी पूर्वी ठाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीची पायरी चढावी लागे. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय स्थापन झाल्यापासून तो अधिकार आयुक्तांकडे आला. कचेरी जवळ आली हे खरे. पण कागदावर नोंद असते ती हत्याराच्या क्रमांकाची आणि काडतुसांच्या संख्येची. परवानाधारक मरण पावला की हत्यार आणि काडतुसे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची असतात, आणि वारसाला रीतसर अर्ज करून ती मिळवता येतात. जमा करून घेणारा अंमलदार काडतुसे मोजतो, बुडावरची अक्षरे पाहतो आणि पंचनाम्यात तशी नोंद करतो. ती पुंगळी कारखान्यातून निघाल्यानंतर पुन्हा कोणाच्या हाताने भरली गेली की नाही, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नाही. आणि जो सांगू शकला असता, तोच त्या घरातून गेलेला असतो.