तांब्याचा तांब्या

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या चिरंजीवांनी एक तांब्या घडविला. घडविला तो संगणकाच्या पडद्यावर, महिनाभर आज्ञावली लिहून. मला तो हुबेहूब वाटला. म्हणून मी आईला पाहावयास बोलाविले. आजी-नातवाचे बोलणे अलीकडे "जेवलास का?" याच्या पलीकडे जात नसे. आईने चष्मा सावरला, नीट पाहिले आणि म्हणाली, "छान आहे रे. प्लॅस्टिकचा ना?"

पोराचा चेहरा पडला. मी पडलो मराठीचा मास्तर. त्याला काय मदत करणार? पण रात्रभर खटपट करून त्यानेच आजीच्या शेऱ्याचे मर्म शोधले.

त्याने वापरलेली रीत फाँग नावाच्या व्हिएतनामी संशोधकाने १९७३ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात मांडली होती. वस्तूला तिचा रंग द्यावयाचा आणि वर दिव्याच्या रंगाची चकाकी ठेवावयाची. डोळ्यांना ते पटते. पदार्थविज्ञानाच्या हिशेबात मात्र बसत नाही. आमच्या अलंकारशास्त्राच्या भाषेत ही उत्प्रेक्षा, 'जणू' प्रकाशच!

प्लॅस्टिकला ही रीत शोभते. तेथे थोडा प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो, तो दिव्याच्याच रंगाचा. उरलेला आत शिरतो आणि रंगून बाहेर येतो. धातूत शिरलेला प्रकाश मात्र परततच नाही. जो काही परततो तो वरच्यावर, आणि तांबे त्यातला तांबडा अधिक परतविते, निळा कमी. म्हणून तांब्याची चकाकीच तांबूस! १९८२ साली कुक आणि टॉरन्स यांनी प्रसिद्ध केलेल्या सूत्राने हा भेद चित्रात उतरविला.

त्यांच्या मते पृष्ठभाग म्हणजे असंख्य सूक्ष्म आरसे. हिशेब तीन: किती आरसे योग्य दिशेला वळले आहेत, किती एकमेकांच्या आड आहेत आणि कोणत्या कोनातून किती प्रकाश परततो. नजर अगदी तिरपी झाली की साधी फरशीही आरसा होते, ती या तिसऱ्या हिशेबामुळे.

चिरंजीवांनी सूत्र बसविले आणि तांब्याचे काठ पेटल्यासारखे दिसू लागले! मग परीक्षा घेतली. सर्व बाजूंनी सारखा उजेड असताना, पडेल तेवढा प्रकाश परतविणारी वस्तू पार्श्वभूमीत विरून गेली पाहिजे. आमचा तांब्या उलट अधिकच उजळला. घेतल्याहून जास्त परत करणारा ऋणको मी तरी प्रथमच पाहिला. आळसाने दुसरा हिशेब, आडोशाचा, गाळला होता. तो घालताच काठ शांत झाले.

आईला पुन्हा बोलाविले. "हं, आता तांब्याचा," ती म्हणाली, "पण हा कधी कोणी घासलेला दिसत नाही."

या वेळी पोराचा चेहरा उतरला नाही. घासल्याचे बारीक ओरखडे ज्या दिशेने जातात त्याप्रमाणे चकाकी लांबते, हे त्याला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीजवळ आई चिंच घेऊन बसली होती आणि शेजारी उकिडवे बसून चिरंजीव विचारीत होते,

"आजी, तू गोल घासतेस की उभं?"