चलनाची घसरण आणि गरिबाची चूल

'डॉलर वधारला', 'शेअर बाजार कोसळला' अशा बातम्या आपण रोज वाचतो आणि पान उलटतो. ज्याचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही, त्याचा डॉलरशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर. बँकेत कारकून म्हणून लागल्यावरही बरीच वर्षे आमचा असाच समज होता. पुढे काउंटरवर येणारी माणसे पाहून आणि सवडीने थोडे वाचन करून तो समज गळून पडला. दूरच्या महानगरात चलन कोसळते, तेव्हा त्याची झळ खेड्यातील चुलीपर्यंत येते. ती कोणत्या वाटेने येते हे कळले, तर तिला वाटेत अडविताही येते. १९९७-९८ सालच्या आशियाई आर्थिक संकटाच्या आधारे ही वाट दाखविण्याचा प्रस्तुत लेखात आमचा प्रयत्न आहे.

थायलंडमध्ये पडलेली ठिणगी

१९९७ पूर्वीची दहा वर्षे थायलंडची भरभराट पाहून जग थक्क होत होते. बँकॉकमध्ये उंच इमारती उभ्या राहत होत्या. थायलंडचे चलन बाथ. एका डॉलरला सुमारे २५ बाथ हा दर सरकारने वर्षानुवर्षे जवळजवळ स्थिर ठेवला होता. देशातील कर्जापेक्षा परदेशी डॉलरचे कर्ज स्वस्त पडे. म्हणून कंपन्यांनी आणि वित्तसंस्थांनी डॉलरमध्ये कर्जे काढली व तो पैसा इमारतींत आणि जमिनींत गुंतविला.

येथे दोन चुका झाल्या. पहिली चूक मुदतीची. कर्ज अल्प मुदतीचे आणि गुंतवणूक मात्र दीर्घ मुदतीची. तीन महिन्यांच्या हातउसन्या पैशांवर कोणी घर बांधायला काढावे, तसा हा प्रकार. दुसरी चूक चलनाची. उत्पन्न बाथमध्ये आणि फेड डॉलरमध्ये. दर स्थिर आहे तोवर हा धोका कोणास दिसत नाही.

पुढे निर्यात मंदावली, इमारतींना गिऱ्हाईक मिळेना आणि सावकारांस शंका आली. बाथचा दर टिकविण्यासाठी मध्यवर्ती बँकेने आपल्याजवळचे डॉलर ओतले. अखेर २ जुलै १९९७ रोजी तिने हात टेकले व बाथ मोकळा सोडला. जानेवारी १९९८ मध्ये एका डॉलरला ५० हून अधिक बाथ मोजावे लागत होते. ज्या कारखानदाराने एक लाख डॉलर घेतले होते, त्याचे २५ लाख बाथचे कर्ज आता ५० लाखांच्या पुढे गेले. त्याने एक पैसाही नवीन उचललेला नव्हता! डिसेंबर १९९७ मध्ये ५६ वित्तसंस्था कायमच्या बंद करण्यात आल्या. बांधकामे अर्धवट राहिली. त्यांवर काम करणारे अनेक मजूर ईशान्येकडील इसान या कोरडवाहू प्रदेशातील होते. ते आपापल्या गावी परतले. महिन्याला घरी पैसे पाठविणारा माणूस आता घरातलेच खाणार होता.

इंडोनेशियातील वणवा

शेजारच्या घराला आग लागली की सावकार आपलेही दार ठोठावतो. परदेशी बँकांनी इंडोनेशियाकडेही पैसे परत मागितले. तेथील रुपिया या चलनाचा दर संकटापूर्वी डॉलरला सुमारे २,४०० होता. १९९८ मध्ये काही काळ तो १५,००० च्याही पुढे गेला. त्यातच १९९७ साली एल निनोमुळे दुष्काळ पडला होता, भाताचे पीक घटले होते, सुमात्रा व कालिमंतानमधील जंगले पेटली होती. आभाळाचा आणि बाजाराचा असे दोन्ही फटके एकदम बसले.

१ नोव्हेंबर १९९७ रोजी सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सल्ल्यानुसार १६ बँका बंद केल्या. दुखणाऱ्या बँका काढून टाकल्या तर बाकीच्यांवरचा विश्वास वाढेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात घडले उलटेच. ठेवींना संपूर्ण हमी नव्हती. आज ही बँक गेली, उद्या माझी जाईल, या भीतीने लोकांनी चांगल्या बँकांसमोरही रांगा लावल्या. सर्व ठेवींना सरकारने हमी दिली ती जानेवारी १९९८ मध्ये. आम्ही या व्यवसायातील असल्याने सांगतो की, कोणतीही बँक सर्व ठेवीदारांचे पैसे एकाच दिवशी परत करू शकत नाही. ती विश्वासावर उभी असते. तो विश्वास ढळल्यावर दिलेली हमी फार महाग पडते.

१९९८ या एका वर्षात इंडोनेशियाची अर्थव्यवस्था सुमारे १३ टक्क्यांनी आक्रसली आणि महागाई ७० टक्क्यांहून अधिक वाढली. मे महिन्यात इंधनाचे दर वाढविताच असंतोष उफाळला. जकार्तामध्ये दंगली झाल्या. त्यांत एक हजारांहून अधिक माणसे दगावली आणि चिनी वंशाच्या अल्पसंख्याकांना विशेष लक्ष्य करण्यात आले. संकटाचे खापर दुबळ्या वा वेगळ्या समाजावर फोडण्याची ही रीत आपणांस अपरिचित नाही. २१ मे १९९८ रोजी तीन दशकांहून अधिक काळ सत्तेवर असलेल्या सुहार्तो यांना राष्ट्राध्यक्षपद सोडावे लागले.

घराघरांतील हिशेब

हे संकट सर्वांवर सारखेच आले काय? नाही. सुलावेसी बेटावरील कोको पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा माल डॉलरच्या भावाने विकला जाई. त्याच्या हाती पूर्वीपेक्षा जास्त रुपिया आले. ज्यांनी आपला पैसा आधीच डॉलरमध्ये ठेवला होता, तेही तरले. भरडला गेला तो रोजंदारीचा माणूस, ज्याची मजुरी तीच राहिली आणि तांदूळ मात्र महागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात चलनाच्या परदेशी विनिमय दरापेक्षा त्याच्या देशांतर्गत खरेदीशक्तीच्या स्थैर्याला अधिक महत्त्व दिले होते. ते का, हे येथे उमगते.

गरीब कुटुंबाने हा घाव कसा झेलला? मध्य जावातील कुटुंबांची तेव्हा पाहणी झाली. तीत असे दिसले की लहान मुलांचे वजन फारसे घटले नाही. मात्र माता कृश झाल्या आणि मुलांमध्ये रक्तक्षय वाढला. याचा अर्थ आपण सहज लावू शकतो. आईने आपल्या ताटातला भात लेकराच्या ताटात वाढला. पण अंडी व भाजीपाला घरात येणे कमी झाले आणि ती उणीव आईलाही भरून काढता आली नाही. तसेच थोरल्या मुलाची शाळा चालू राहावी म्हणून धाकट्याच्या शिक्षणावरचा खर्च कमी केल्याचेही आढळले.

या संकटातील आम्हांस सर्वांत गंभीर वाटणारी बाब हीच. चलन पुन्हा सावरते. थायलंडने नाणेनिधीचे कर्ज २००३ साली मुदतीपूर्वी फेडून टाकले. कारखाने पुन्हा सुरू होतात. परंतु सहा-सात वर्षांचे मूल शाळेतून सुटले, तर त्याचे ते वय परत येत नाही. श्रीमंत माणूस संकटात जे गमावतो, ते बहुधा पुन्हा विकत घेता येते. गरीब जे गमावतो, ते पुष्कळदा घेता येत नाही.

आधी केलेली तजवीज

मग उपाय कोणता? इंडोनेशियाने १९९८ मध्ये गरीब कुटुंबांना दरमहा १० किलो तांदूळ स्वस्त दराने देण्यास सुरुवात केली, गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. त्यांचा उपयोग झाला. परंतु ही व्यवस्था भर संकटात उभी करावी लागली. आग लागल्यावर विहीर खणण्यासारखेच ते. थायलंडने पुढे २००१ साली ३० बाथमध्ये उपचार देणारी आरोग्य योजना सुरू केली, ती पुढच्या संकटातही उपयोगी पडावी अशी कायमची व्यवस्था ठरली.

भारताला या वादळाची झळ कमी लागली. परदेशी कर्जे आणि भांडवल यांच्या येण्या-जाण्यावर आपल्याकडे निर्बंध होते, हे त्याचे एक प्रमुख कारण. ते निर्बंध टप्प्याटप्प्याने उठवावेत, मात्र त्याआधी काही अटी पूर्ण व्हाव्यात, असा तारापोर समितीचा अहवाल मे १९९७ अखेर आला आणि महिनाभरातच बाथ कोसळला!

तजविजीचे महत्त्व महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी लाखो कुटुंबांना तगविले. पुढे १९७७ साली त्या योजनेचा कायदा झाला. काम मागणे हा हक्क ठरल्याने पुढील दुष्काळात कोणाच्या दयेवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. अलीकडचे उदाहरण आमच्या डोळ्यांदेखतचे आहे. एप्रिल ते जून २०२० या टाळेबंदीच्या काळात महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा झाले. सकाळी बँकेचे दार उघडण्यापूर्वीच तोंडाला पदर बांधलेल्या बायाबापड्यांची रांग लागलेली असे. रक्कम तुटपुंजी होती, पण ती पोहोचली, कारण खाती आधीच उघडलेली होती. जिचे जनधन खाते नव्हते, तिला, "ताई, तुमचे नाव यात नाही," असे सांगून परत पाठविण्याची पाळी आमच्यावर आली. तिची गरज रांगेतल्या इतर बायांपेक्षा तसूभरही कमी नव्हती.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. घरातील प्रत्येक स्त्रीचे स्वतःच्या नावाचे बँक खाते असावे व ते चालू ठेवावे. शिधापत्रिकेवरील नावे तपासून घ्यावीत. कर्ज काढताना आपले उत्पन्न कोणत्या महिन्यात येते आणि हप्ता कोणत्या महिन्यात पडतो, याचा मेळ घालावा. थायलंडच्या कंपन्यांनी तोच घातला नव्हता. आणि कितीही ओढाताण झाली, तरी मुलाची, विशेषतः मुलीची, शाळा ही सर्वांत शेवटी हात लावण्याची गोष्ट समजावी. शेजारच्या घरात तशी पाळी आलेली दिसली, तर वस्तीतील चारजणांनी मिळून त्या वर्षाची वह्या-पुस्तके आणि फी यांचा भार उचलावा. एवढे जरी आपल्यापैकी काही कुटुंबांनी मनावर घेतले, तरी हा लेख लिहिल्याचे समाधान आम्हांस लाभेल.