लहान विमानांचे वय आणि अनिवार्य सुरक्षा-साधने (अमेरिका)

अमेरिकेत लहान विमानात कोणती सुरक्षा-साधने असणे बंधनकारक आहे, हे पुष्कळ अंशी ते विमान केव्हा बांधले गेले यावर ठरते. संघीय विमान वाहतूक प्रशासनाच्या नियमावलीतील कलम ९१.२०५ मध्ये यांपैकी बरेच नियम आहेत. उड्डाणसमयी कमाल १२,५०० पौंड (सुमारे ५,६७० किलोग्रॅम) वजनाचे विमान 'लहान' समजले जाते. वेगमापक, उंचीमापक, होकायंत्र ही उपकरणे जुन्या-नव्या सर्वच विमानांना लागतात. भेद पडतो तो मागाहून आलेल्या साधनांबाबत.

खांदापट्टे

कमरेचा पट्टा सर्वच विमानांत आवश्यक आहे. खांद्यावरून येणारा पट्टा मात्र १८ जुलै १९७८ नंतर बांधलेल्या विमानांत पुढील आसनांना, तर १२ डिसेंबर १९८६ नंतर बांधलेल्या विमानांत सर्व आसनांना सक्तीचा आहे. म्हणजेच १९८० साली बांधलेल्या चार आसनी विमानात मागच्या प्रवाशाला केवळ कमरेचा पट्टा असला, तरी नियमभंग होत नाही. हा फरक किरकोळ नव्हे. केवळ कमरेशी बांधलेले शरीर आघाताच्या वेळी पुढे दुमडते आणि डोके समोरच्या आसनावर वा उपकरण-फलकावर आदळते.

येथे बांधणीची तारीख म्हणजे विक्रीची अथवा नोंदणीची तारीख नव्हे. तपासणीच्या स्वीकृती-नोंदींनुसार विमान पूर्ण होऊन मान्य आराखड्याबरहुकूम ठरले, तो दिवस धरतात. प्रारूप किती जुने आहे, हेही पाहिले जात नाही. सेसना १७२ हे प्रारूप १९५६ पासूनचे आहे. त्याचे उत्पादन १९८६ मध्ये थांबले व सुमारे दहा वर्षांनी पुन्हा सुरू झाले. त्यामुळे या प्रारूपाची बहुसंख्य विमाने दुसऱ्या तारखेच्या आधीची आहेत. जुन्या विमानात मालकाला स्वेच्छेने खांदापट्टे बसविता येतात.

दिवे

रात्रीच्या उड्डाणाला टक्करविरोधी दिवा हवाच. दिवसा तो ११ मार्च १९९६ नंतर प्रमाणित झालेल्या लहान विमानांनाच सक्तीचा आहे. गमतीचा भाग असा, की जुन्या विमानात तो बसविलेला असेल, तर उड्डाणात चालू ठेवावाच लागतो. सुरक्षिततेसाठी तो बंद करण्याची मुभा वैमानिकाला आहे.

विद्युत-यंत्रणा नसलेली विमाने

१ जानेवारी २०२० पासून ठरावीक हवाई क्षेत्रांत विमानाने आपले स्थान आपोआप प्रसारित करणे आवश्यक झाले. हा नियम वयावर अवलंबून नाही. तथापि मूळ प्रमाणपत्राच्या वेळी इंजिनावर चालणारी विद्युत-यंत्रणा नसलेल्या व नंतरही ती न बसविलेल्या विमानांना त्यातून बरीच सूट आहे. हाताने पंखा फिरवून सुरू केले जाणारे पायपर जे-३ कब हे याचे परिचित उदाहरण होय.

आपत्कालीन स्थान-प्रेषक

अपघातानंतर संकेत पाठविणाऱ्या या यंत्राबाबत विमानाच्या वयापेक्षा यंत्र केव्हा बसविले, याला महत्त्व आहे. पहिल्या पिढीचे यंत्र २१ जून १९९५ नंतर नव्याने बसविता येत नाही. १२१.५ मेगाहर्ट्झवरील संकेत उपग्रहांनी टिपणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झाले. पण तेवढ्याने या कंप्रतेवरील जुनी यंत्रे बेकायदा ठरली नाहीत. असे यंत्र असलेले विमान दुर्गम डोंगरात कोसळल्यास त्याची हाक जवळून जाणाऱ्या विमानाला किंवा परिसरातील भूकेंद्रालाच ऐकू येऊ शकते.