पडणारे अणू आणि जमिनीखालचे पाणी

विहिरीत पाणी किती खाली गेले हे पाहायचे असले म्हणजे आपण दोराला दगड बांधून आत सोडतो. दोर भिजला तिथे गाठ मारायची, वर ओढून मोजायचा, की झाले काम. पण जिथे विहीरच नाही तिथे काय करावे? वर हरभरा उभा आहे, खाली काळा पाषाण आहे, आणि त्या पाषाणात पाणी किती हे वरच्यावर सांगा म्हटले तर मोठी पंचाईत. मग पाणाड्याला बोलावणे जाते. तो तळहातावर नारळ आडवा धरून रानातून फिरतो आणि नारळ उभा राहिला की म्हणतो, "इथं घ्या." पाणी लागले तर पाणाड्याचे नाव होते, नाही लागले तर बोअरचे पैसे शेतकऱ्याच्या अंगावर पडतात.

मंडळी, आज ज्याच्याविषयी सांगायचे आहे तोही एका अर्थी पाणाड्याच आहे. पण त्याच्या हातात नारळ नाही. जमिनीखालचे पाणी तो वजनावरून ओळखतो, आणि त्याचा तराजू आहे अणूंचा. हा तराजू चालतो कसा, आणि आपल्या रानात त्याचा उपयोग किती, या दोन्ही गोष्टी पाहू. दुसरी गोष्ट जरा सावधपणे पाहायला हवी.

पाण्याला वजन असते हे घागर वाहणाऱ्या बाईला शिकवायला नको. आणि वजनदार वस्तू दुसऱ्या वस्तूला आपल्याकडे ओढते, हा न्यूटनचा नियम शाळेच्या पुस्तकात असतोच. म्हणून जमिनीखाली पाणी साठले की तिथली ओढ किंचित वाढते, पाणी उपसले की किंचित घटते. ही ओढ मोजायची तर एखादी वस्तू खाली सोडावी आणि ती किती झपाट्याने वेग घेते ते पाहावे. पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला साधारण ९.८ मीटरने वाढतो. जमिनीखाली दूरवर पसरलेला एक मीटर जाडीचा निव्वळ पाण्याचा थर वाढला, तर या आकड्यात फरक पडतो तो सुमारे २ कोटी ३० लाखांत एक भाग. नऊ क्विंटल गहू भरलेल्या गाडीतून गव्हाचा एक दाणा काढून घ्यावा, आणि तो काढला हे गाडीच्या वजनावरून ओळखावे, तसला हा प्रकार झाला!

इतके बारीक वजन करणारी यंत्रे पूर्वीपासून आहेत. काहींत स्प्रिंग असते. ती काळाने थोडी सैल पडते आणि काटा हळूहळू सरकतो. काहींत निर्वात नळीत काचेचा लोलक पुन्हा पुन्हा खाली सोडतात. ती फार अचूक असतात, पण तो लोलक उचलणारे भाग झिजतात. अणू मात्र झिजत नाही. शिवाय रुबिडियम नावाच्या धातूचा एका जातीचा अणू पुण्यात घ्या नाहीतर पॅरिसला घ्या, त्यात तिळमात्र फरक नसतो. असे माप कोणत्याही कारखान्यात बनवून मिळणार नाही. तेव्हा अणूच खाली सोडावा हे उत्तम.

पण अणू सोडायचा तर आधी तो हातात यायला हवा. साध्या खोलीतल्या उष्णतेत रुबिडियमच्या वाफेतले अणू सेकंदाला सुमारे तीनशे मीटर वेगाने सैरावैरा धावत असतात. अशा उधळलेल्या गुराला दावे कशाचे लावायचे? शास्त्रज्ञांनी ते लावले उजेडाचे.

उजेड अंगावर पडला म्हणून आपण कधी मागे ढकलले गेलो नाही. पण उजेडालाही धक्का असतो. रुबिडियमच्या अणूने उजेडाचा एक कण गिळला, तर त्याच्या वेगात सेकंदाला जेमतेम सहा मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे तीनशे मीटरचा वेग मारायला असे पन्नास हजार धक्के हवेत. लेझरच्या झोतात हे पन्नास हजार धक्के सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत बसू शकतात. अडचण वेगळीच होती. समोरून येणाऱ्या अणूला धक्का मारायचा आणि पाठ फिरवून जाणाऱ्याला मारायचा नाही, हे उजेडाला कळावे कसे?

इथे आगगाडीची शिटी आठवा. गाडी आपल्याकडे येत असली की शिटी बारीक, चढ्या सुरात ऐकू येते. पुढे निघून गेली की सूर उतरतो. उजेडाचेही तसेच आहे. अणू एका ठरावीक रंगाचाच उजेड गिळतो. लेझरचा रंग त्या ठरावीक रंगापेक्षा किंचित उतरता ठेवला, की उभ्या अणूला तो फारसा पटत नाही. पण उजेडाच्या दिशेने धावणाऱ्या अणूला तोच रंग चढा भासतो, नेमका हवा तसा. मग तो कण गिळतो आणि धक्का खाऊन मंदावतो. जो धावून येईल त्यालाच मार! ही युक्ती हेन्श आणि शॉलो यांनी १९७५ साली सुचवली. १९८५ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर-खाली, पुढे-मागे, उजवीकडे-डावीकडे असे सहा झोत सोडून सोडियमचे अणू जवळजवळ जागच्या जागी रोखले. अणू जिकडे जाईल तिकडून त्याला विरोध होतो. घट्ट काकवीत माशी अडकावी तसा तो रुततो. म्हणून या प्रकाराला शास्त्रज्ञांनी नाव दिले तेच मुळी 'प्रकाशाची काकवी'. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगण्याची गरज नाही.

अणूंची धावपळ थांबणे म्हणजेच थंड होणे. शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना सांगितलेले असेलच की उणे २७३ अंशांच्या थोडे खाली थंडीची शेवटची पायरी आहे. त्याखाली जाता येत नाही. या काकवीत अणू त्या पायरीच्या वर अंशाच्या काही दशलक्षांश भागापर्यंत पोचतात. गंमत अशी की, १९८८ साली विल्यम फिलिप्स यांनी मोजून पाहिले तेव्हा अणू सिद्धांताने सांगितल्यापेक्षाही थंड निघाले. एरवी प्रयोग हा सिद्धांताच्या मागेच पडायचा. इथे तो पुढे गेला. तसे का झाले हे उलगडणाऱ्यांत पॅरिसचे क्लोद कोहेन-तानुजी प्रमुख होते. चू, कोहेन-तानुजी आणि फिलिप्स या तिघांना १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता अणू शांत झाला. झोत बंद केले की तो दगडासारखा खाली पडू लागतो. त्याचे पडणे मोजायचे कसे? त्यासाठी विहिरीच्या पाण्यात दोन खडे जवळजवळ टाकून पाहा. दोन्हींच्या लाटा एकमेकींत मिसळतात; कुठे उंचवटा होतो, कुठे पाणी जागच्या जागी राहते. एक लाट जरा मागेपुढे झाली की सगळी नक्षी बदलते. अणूही लाटेसारखा वागतो. द ब्रॉय्ली या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा विचार १९२४ साली मांडला. १९९१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात कासेविच आणि चू यांनी पडणाऱ्या अणूवर लेझरच्या तीन चमका मारून या लाटेचाच तराजू केला. पहिल्या चमकेने अणूची लाट दोन वाटांना लागते, दुसरीने त्या वाटा एकमेकींकडे वळतात, तिसरीने त्या पुन्हा एकत्र येतात. पाटाचे पाणी दोन सऱ्यांत फुटावे आणि शेताच्या टोकाला पुन्हा मिळावे तसे. फरक इतकाच की इथे एकच अणू दोन्ही वाटांनी जातो. हे ऐकून बुद्धी अडखळते, आणि अडखळली तर वाईट वाटून घेऊ नये. भल्याभल्यांची अडखळली आहे.

चमकांमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाचे अंतर ठेवले, तर अणू एकंदर वीसेक सेंटीमीटर पडतो. तेवढ्यात पृथ्वीच्या ओढीमुळे दोन लाटांत जी मागेपुढे होते ती सुमारे अडीच लाख फेऱ्यांची असते. शेवटच्या फेरीचा हजारावा भाग जरी वाचता आला, तरी ओढ कोट्यवधीत एक भाग इतकी बारीक कळते. १९९९ साली स्टॅनफर्डलाच सीझियमचे अणू आणि काचेचा लोलक यांच्या पडण्याची तुलना केली. दोन्ही आकडे शंभर कोटींत सात भागांच्या आत जुळले.

बरीच वर्षे ही यंत्रे प्रयोगशाळेतच होती. गेल्या काही वर्षांत ती उघड्यावर आली, आणि मला यातली खरी बातमी हीच वाटते. २०२० साली इटलीतल्या एटना ज्वालामुखीच्या माथ्याजवळ असे एक यंत्र बसवले गेले. पोटातल्या हालचालींमुळे ओढीत होणारे फरक त्याने भर ज्वालामुखीवर टिपले. २०२२ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या मंडळींनी रस्त्याखालचे दोन मीटर रुंद आणि तितकेच उंच भुयार वरून नुसते वजन करून शोधले. त्यांची खुबी ध्यानात घेण्यासारखी आहे. एक नव्हे तर अणूंचे दोन पुंजके त्यांनी एकमेकांच्या वर-खाली ठेवून एकदमच पाडले. रस्त्यावरची वाहने जमीन हादरवतात, पण तो हादरा दोन्ही पुंजक्यांना सारखाच. वजाबाकी केली की हादरा गळून पडतो आणि भुयाराची खूण तेवढी उरते.

अवकाशातून पृथ्वीची ओढ मोजण्याचे काम तर आधीच चालू आहे, जरी ते अजून अणूंनी नव्हे. २००२ साली सोडलेल्या ग्रेस नावाच्या जुळ्या उपग्रहांनी आपसातले अंतर मोजून हे काम केले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिशेबानुसार ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात पंजाब, हरियाणा, दिल्ली आणि राजस्थान या भागात जमिनीतले १०९ घन किलोमीटर पाणी घटले. पण त्या उपग्रहांची नजर काही शे किलोमीटरांची. त्यांना प्रदेश दिसतो, तालुका दिसत नाही. यापुढे उपग्रहात अतिथंड रुबिडियमचे पुंजके ठेवून नजर बारीक करायचा बेत अमेरिकेच्या नासा संस्थेने २०२५ साली सांगितला.

आता आपल्या रानात येऊ. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा. वाळूत जशी पोकळी असते तशी यात नसते. पाणी राहते ते भेगांत आणि मुरमात. शंभर भाग खडकातून निथळून मिळणारे पाणी एक ते तीन भाग. दोन धरू. म्हणजे पाण्याची पातळी एक मीटरने उतरली, तर खडकातून गेलेले पाणी खरे पाहता फक्त दोन सेंटीमीटर. आणि त्याने ओढीत पडणारा फरक शंभर कोटींत एकापेक्षाही कमी! उघड्यावर चालणाऱ्या उत्तम अणुयंत्रालाही तो जेमतेम दिसावा. गंगेच्या गाळाच्या जमिनीत हाच फरक कित्येक पटीने मोठा असतो.

एवढ्यावर संपत नाही. हेच यंत्र तीन मिलिमीटर उंच उचलून ठेवले तरी तेवढाच फरक पडतो. सूर्य-चंद्रांच्या ओढीने समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही येते, आणि तिचा परिणाम याच्या शंभर पटीहून जास्त असू शकतो. तो हिशेबाने वजा करता येतो. पण दहा सेंटीमीटर पाऊस वरच्या मातीत मुरला, तर त्याचे वजन आणि खडकातली पातळी पाच मीटर वाढल्याचे वजन एकच. तराजूला दोन्ही सारखेच.

तेव्हा स्पष्ट बोलायचे तर, तुमच्या गटनंबरात बोअर कुठे घ्यावी हे सांगायला हा अणूचा पाणाड्या आज उपयोगी नाही. भेगेतली एक झिर त्याच्या वजनात येतच नाही. एका पाणलोटात पावसाळ्याआधी पाणी किती होते, नंतर किती झाले, दहा वर्षांत साठा वाढला की घटला, असा ताळेबंद मांडायला मात्र तो पुढे कामी येऊ शकेल. आपल्या सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३ कोटी ६५ लाख रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. त्यात अशा सूक्ष्म मापनाचे केंद्र मुंबईच्या आय.आय.टी.कडे आहे, आणि पुण्याच्या आयसर संस्थेत अतिथंड अणूंवर संशोधन चालते.

हे 'क्वांटम' नाव आता सगळ्यांच्या तोंडी झाले आहे. उद्या कोणी चकचकीत पेटी घेऊन गावात आला आणि "क्वांटम यंत्रानं पाणी दाखवतो, पाच हजार पडतील," असे म्हणाला, तर त्याला चारचौघांत तीन प्रश्न विचारा. यंत्र ठेवल्या जागेची उंची किती मिलिमीटरपर्यंत मोजली? चंद्राचा हिशेब वजा केला का? आणि मागच्या पंधरवड्याचा पाऊस कुठे धरला? उत्तरे आली नाहीत तर पाच हजार खिशातच राहू द्या.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. गुरुजींनी मनावर घेतले तर शाळेजवळच्या विहिरीची पातळी मुले दर महिन्याला मोजतील. काठावर रंगाची एक खूण करावी, दर वेळी तिथूनच दोर सोडावा, आणि तारीख, पातळी व त्या महिन्याचा पाऊस वहीत लिहावा. पुढेमागे अणूचे यंत्र तालुक्यात आलेच, तर ते एकूण वजनातला फरक तेवढा सांगेल. तो फरक मातीतल्या ओलीचा की खडकातल्या पाण्याचा, हे ठरवायला त्याच तारखेचा विहिरीचा आणि पर्जन्यमापकाचा आकडा शेजारी लागतो.