वाड्यातील बंदूक : जिव्हाळा, जपणूक आणि कायदा

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील तुकईथड हे खंडवा-अकोला लोहमार्गावरचे लहानसे गाव. दक्षिणेला मेळघाटच्या रांगा, पलीकडे महाराष्ट्राची हद्द. त्यामुळे मध्य प्रदेशात असूनही मराठी कानाला हा परिसर परका वाटत नाही. जंगलाच्या कडेच्या अशा गावांत शेतकऱ्याच्या घरी ठासणीची बंदूक असणे ही एके काळी नवलाची गोष्ट नव्हती. रानडुकरांपासून ज्वारी राखायची, रात्री मचाणावरून एखादा बार काढायचा, एवढेच तिचे काम. गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोणच्या बागायतदारांना हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याने ती बंदूक वापरली तो आजोबा निघून जातो, बंदूक मात्र माळ्यावर किंवा देवघराच्या कोपऱ्यात उभी राहते. पुढच्या पिढीला ती टाकवत नाही, आणि सांभाळायची कशी हेही ठाऊक नसते.

तुकईथड ज्या खकनार तालुक्यात येते, त्याच तालुक्यातील पाचोरी हे गाव बेकायदा देशी पिस्तुलांच्या बातम्यांमुळे देशभर ओळखले जाते. त्या बातम्यांत ज्या सिकलीगर समाजाचा उल्लेख येतो, त्याचे नावच मुळी शस्त्रांच्या निगेवरून पडले आहे. ‘शिकल’ म्हणजे धातूला दिलेली झिलई. ती करणारा तो शिकलगार. पाते घासून, तेल देऊन, गंज उतरवून शस्त्र नवेसे करणे हा त्यांचा पिढीजात हुन्नर. राजेरजवाड्यांच्या फौजा गेल्या, 1878च्या कायद्याने सामान्य माणसाच्या हाती शस्त्र असणे कठीण केले आणि या हुन्नराचा आधारच सुटला. कुणी विळे-कात्र्यांना धार लावू लागले, कुणी कुलपे-किल्ल्यांच्या कामात शिरले, तर काहींचे हात बेकायदा धंद्याकडे वळले. संपूर्ण समाजावर तो शिक्का मारणे अन्यायाचे आहे. शस्त्राची निगा राखणारी माणसे गावोगावी उरली नाहीत, हे मात्र खरे, आणि त्याचा परिणाम आज घराघरांतल्या जुन्या बंदुकांवर दिसतो.

संग्रहाचा आनंद कशात असतो, हा प्रश्न साहजिक आहे. बार काढण्यात तो फारसा नसतो. तोड्याच्या बंदुकीत जळती वात दारूला भिडत असे. पुढे चकमकीची बंदूक आली आणि वात पेटती ठेवण्याची कटकट गेली. एकोणिसाव्या शतकात टोपीची बंदूक आली, तिच्यामुळे पावसातही बार होण्याची बऱ्यापैकी खात्री मिळाली. अखेरीस मागून भरायचे काडतूस आले. एकाच भिंतीवर या चार अवस्था शेजारी शेजारी पाहिल्या, की तीनशे-चारशे वर्षांचा इतिहास हाताच्या अंतरावर येतो. नळीच्या मुळाशी बारीक ठसे असतात. लंबवर्तुळात ‘ईएलजी’ ही अक्षरे दिसली तर ती नळी बेल्जियममधील लिएज शहरात तपासली गेली असे समजावे. बर्मिंगहॅमचे शस्त्र-परीक्षणगृह 1813 पासूनचे. त्याचेही ठसे स्वतंत्र आहेत. भिंग घेऊन असे ठसे वाचत बसणे हा एखाद्या जुन्या दस्तऐवजाचा उलगडा करण्यासारखाच छंद आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथील शस्त्रदालने ज्यांनी सावकाश पाहिली असतील, त्यांना हे पटेल.

हौस मात्र सुरक्षिततेनंतर येते. ठासणीची जुनी बंदूक रिकामीच असेल असे कधीही गृहीत धरू नये. कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी रानडुकरासाठी दारू आणि छर्रे ठासून ठेवले, डुक्कर आलेच नाही आणि बंदूक तशीच माळ्यावर गेली, असे घडू शकते. काळी दारू कोरडी राहिली तर इतक्या वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. नळीत गज घालून तो किती आत जातो ते पाहायचे आणि तेवढीच लांबी नळीच्या बाहेरून मोजायची, ही जुन्या जाणकारांची कसोटी. गज मुळापर्यंत पोहोचला नाही, तर आत काहीतरी आहे. अशा वेळी ते उकरण्याच्या फंदात न पडता परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे जावे. तापवणे, ठोकणे तर दूरच. लोखंडी पट्ट्या पिळून जोडलेल्या जुन्या नळ्या दिसायला अतिशय देखण्या असतात, पण आजच्या धूरविरहित काडतुसांचा दाब सोसण्यासाठी त्या केलेल्या नाहीत. त्यांत नवे काडतूस घालून पाहण्याचा मोह जिवावर बेतू शकतो.

निगेच्या बाबतीत आपल्याकडचा खरा शत्रू पाऊस. कोकण-गोव्याची चार महिन्यांची दमट हवा लोखंडाला मानवत नाही. काळ्या दारूची राख हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून बार काढल्यानंतर नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच तेलाचा हात द्यावा, असा रिवाज होता. तो आजही तितकाच योग्य आहे. तेल कोणते, याबाबत घरोघरी चूक होते. खोबरेल किंवा गोडेतेल धातूला लावले की काही महिन्यांत ते चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि चाप, घोडा जाम होतात. यंत्रांसाठीचे पातळ खनिज तेल घ्यावे आणि तेही अगदी थोडे. दस्त्याच्या लाकडाला मात्र जवसाचे तेल मानवते, कारण ते वाळून लाकडावर पातळ कवच धरते. म्हणूनच ते धातूच्या भागांना लावायचे नाही. बोटांच्या घामात मीठ असते. उघड्या हाताने नळी धरली आणि न पुसता ठेवली, तर महिन्याभरात बोटांचे ठसे गंजून उमटतात. चामड्याच्या खोळीत बंदूक वर्षानुवर्षे ठेवणे रुबाबदार दिसते खरे, पण चामडे ओल धरते आणि कमावताना त्यात मुरलेली द्रव्ये धातूला खातात. त्यापेक्षा कोरडे कपाट, आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि दर महिन्याला एकदा उघडून पाहणे, हे बरे.

घासूनपुसून चकचकीत करण्याची हौस सर्वांत घातक. पितळेच्या समईला चिंच लावावी, बंदुकीच्या पितळी कामाला नव्हे. जुन्या नळीवरची तपकिरी झाक हा मळ नसतो; कित्येकदा कारागिराने ती मुद्दाम चढवलेली असते. पॉलिश कागदाने ती घालवली की ठसे पुसट होतात, कोफ्तगिरीची सोन्याची तार निघून येते, आणि वस्तूचे ऐतिहासिक मोलही त्याबरोबर जाते. दसऱ्याला शस्त्रपूजा जरूर करावी. पण हळद, कुंकू, पाणी आणि फुलांचा ओलावा रात्रभर शस्त्रावर राहू देऊ नये. पूजा आटोपताच कोरड्या मऊ कापडाने पुसून तेलाचा हात फिरवला, तर देवही रागावणार नाही.

आता कायद्याची बाजू. ‘आजोबांच्या नावावर परवाना होता’ हे वाक्य पुष्कळ घरांत ऐकू येते. पण परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नसतो. परवानाधारकाच्या निधनानंतर बंदूक घरात ठेवून देणे म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणे. 1959च्या शस्त्र कायद्यानुसार अशा वेळी विनाविलंब ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. ठरावीक मुदतीत वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो, किंवा ती विकण्याची मोकळीक मिळते. 2016च्या नियमांनी आणखी एक वाट दिली आहे : परवानाधारकाने वयाची 70 वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र 25 वर्षे बाळगले असेल, तर हयातीतच ते वारसाकडे देण्याची प्रक्रिया करता येते. म्हाताऱ्या माणसापुढे हा विषय काढायला घरच्यांना संकोच वाटतो. तरीही पुढची धावपळ टाळण्याचा हाच मार्ग आहे.

संग्राहकांना सर्वाधिक जाचलेली दुरुस्ती 2019ची. पूर्वी एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे बाळगता येत, आता दोनच. वारसाहक्काने आली तरी मर्यादा तीच. मान्यताप्राप्त रायफल क्लबांच्या सदस्यांना नेमबाजीच्या सरावासाठी सवलत आहे. याच दुरुस्तीने विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षे केली, आणि लग्न-वरातीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

‘शंभर वर्षांची जुनी आहे, म्हणजे परवाना नको’ हा समजही अर्धवट आहे. कायद्यातील सवलत जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना आहे, पण एका अटीवर : ते दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येता कामा नये. नळी धड असलेली ठासणीची बंदूक या सवलतीत सहज बसत नाही. दुसरीकडे, 1972च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. परदेशस्थ मुलाकडे ‘आठवण’ म्हणून ती धाडण्याचा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जंगलालगतच्या गावांना आणखी एक नियम लागू होतो, आणि तो फारसा कुणाच्या लक्षात नसतो. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन्यजीव खात्याकडे आपली नोंद करायची असते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीविना मिळत नाही. मेळघाटच्या पायथ्याला जे लागू, तेच म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव अभयारण्यांच्या कडेच्या गावांनाही लागू. पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक पुरेशी असेल तर तेवढ्यापुरता परवाना देण्याची सोय कायद्यात आहे. मात्र ती बंदूक राखणीसाठी असते, शिकारीसाठी नाही.

निवडणुका आल्या की परवान्याची शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात आणि नेमक्या पिकाच्या दिवसांत शेतकरी हात बांधल्यासारखा होतो, ही गोव्यातली नेहमीची तक्रार. कुणाकडून शस्त्र जमा करून घ्यायचे याचा विचार छाननी समिती करते. राखणीची निकड असलेल्याने आपले म्हणणे वेळेत लेखी द्यावे. जमा करण्याची वेळ आलीच, तर बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळीत आणि बाहेरून तेलाचा हात देऊन, क्रमांक, ठसे आणि दस्त्यावरचे चरे दिसतील अशी छायाचित्रे काढून मगच न्यावी. पावतीवरचा क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशी तिथेच, खिडकीसमोर उभे असतानाच ताडून पाहावा. पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आपल्या बंदुकीला तेल लावायला कुणी येणार नाही. परत आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी ती उघडून, पुसून, पुन्हा तेल द्यावे.